उतारावरचे घर, भरावावरचा कोपरा : कोकणातील एका घराच्या पाया-दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत, डोंगराच्या दक्षिण उतारावर आहे. घरमालकांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे नाव आणि काही गौण तपशील वगळले आहेत. मापे आणि कामांचा क्रम प्रत्यक्षात होता तसाच ठेवला आहे. मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक असून वाडीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते आणि त्यांच्या पत्नी वर्षातील बराच काळ ठाण्याला मुलाकडे असतात आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्या काळात घर उघडे असते. या प्रकरणात पुढे जे घडले त्यात घर बंद राहण्याचा वाटा मोठा आहे.

मूळ घर २००४ मध्ये बांधले गेले. डोंगर कापून तयार केलेल्या सपाटीवर, म्हणजे थेट कातळावर जोते घेऊन जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती चढवल्या आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला. कापणीतून निघालेली माती आणि चिऱ्यांचा चुरा उताराच्या बाजूला लोटून अंगण मोठे केले होते आणि ते धरून ठेवण्यासाठी दक्षिणेला जांभ्याचा कोरडा गडगा (सिमेंट-चुन्याविना रचलेला दगडी बांध) रचला होता. २०१२ मध्ये कुटुंब वाढल्याने याच अंगणाच्या भागावर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे पोर्च असे वाढीव बांधकाम झाले. ते चिऱ्यांच्या भिंतींवर न पेलता काँक्रीटच्या खांबांवर पेलले होते, त्यामुळे कागदावर ते जुन्या घरापेक्षा अधिक ‘पक्के’ होते. हे खांब ज्या जमिनीवर उभे होते ती मात्र आठ वर्षांपूर्वी लोटलेली सैल माती होती, आणि ती थर देऊन कधीच चोपलेली नव्हती.

कोकणपट्टीत या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे स्लॅब गळणे ही इथल्या प्रत्येक घराची कहाणी आहे आणि तिच्यावरचा उपायही प्रत्येकाचा एकच, वर पत्र्याची शेड. गुरुजींनीही २०१९ च्या एप्रिलमध्ये जुने घर आणि वाढीव भाग मिळून साधारण १४० चौरस मीटर क्षेत्रावर दक्षिणेकडे उतरणारी एकसंध शेड घातली. गळती पहिल्याच पावसात थांबली.

समस्या

त्याच वर्षी गणपतीत जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसली. ती गिलाव्याची समजून पुट्टीने भरली. नंतरचे वर्ष टाळेबंदीत गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा पुट्टी भरून रंग दिला, आणि सप्टेंबरमध्ये घर उघडले तेव्हा ती पुट्टी फाटून सुमारे दोन मिलिमीटरची नवी फट तिच्या कडेने उघडली होती. स्लॅबजवळ भेगेची एकूण रुंदी पाच मिलिमीटर आणि फरशीजवळ एक मिलिमीटर भरली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा निघाला होता, न्हाणीघराचे दार खाली घासत होते, आणि पोर्चच्या नैऋत्य खांबालगतचा पायऱ्यांचा कोबा घरापासून सुटून बाहेर कलला होता.

याखेरीज दक्षिण आणि पश्चिमेच्या छज्ज्यांखालचे काँक्रीट खपल्यांनी सुटून सळया उघड्या पडल्या होत्या आणि जुन्या घराच्या भिंतींना आतून जोत्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत ओल व लोणा (भिंतीवर उमटणारे पांढरे क्षार) आला होता. या सगळ्या तक्रारी मालकांनी एकाच यादीत लिहून दिल्या होत्या. ते साहजिक आहे. परंतु त्यांची कारणे वेगवेगळी होती, आणि त्या सर्वांवर एकच उपाय सुचवला गेला इथपासूनच गुंता वाढला.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका कंत्राटदाराने चारही नव्या खांबांना जॅकेटिंग (खांबाभोवती काँक्रीटचे नवे आवरण), भेगांत इपॉक्सी (कडक होणारा चिकट पदार्थ) भरणे, सर्व गिलावा काढून नव्याने करणे आणि बाहेरून जलरोधक रंग असे अंदाजपत्रक दिले. रक्कम मोठी होती, म्हणून मुलाच्या आग्रहाने दुसरे मत घेण्यासाठी २०२१ च्या नोव्हेंबरात आम्हाला बोलावले गेले.

पाहणी आणि निदान

भेगेचा आकार बराच बोलका होता. सांध्याची भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर वाढीव भाग बाहेरच्या टोकाला खचून जुन्या घरापासून कलंडतो आहे असा तिचा सरळ अर्थ होतो. खांब दुर्बल असते तर खांबांत उभे तडे, काँक्रीट फुगणे किंवा तुळईच्या सांध्यापाशी फुटणे अशी चिन्हे दिसली असती. ती नव्हती. लेव्हलच्या पारदर्शक नळीने तुळयांच्या तळाची पातळी तपासली तेव्हा नैऋत्य खांबाचे टोक चार मीटरवरच्या आतल्या खांबापेक्षा १८ मिलिमीटर खाली आढळले. हे प्रमाण साधारण १/२२२ होते, आणि १/३०० च्या पुढे असमान खचणे गेले की भिंतींना तडे दिसू लागतात, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. अर्थात २०१२ मध्ये तुळया तंतोतंत पातळीत ओतल्या होत्या याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. म्हणून या आकड्यावर निर्णय न घेता पुढे त्यात फरक किती पडतो यावर भर द्यायचे ठरले.

डिसेंबरात नैऋत्य खांबाच्या पायथ्याशी एक अरुंद चाचणी खड्डा घेतला. पायथा जमिनीखाली फक्त अडीच फुटांवर होता, त्याखाली सुमारे १.४ मीटर सैल भराव होता आणि मग कातळ लागला. भरावात चिऱ्यांचे तुकडे, काळपट पडलेली जुनी झाडोऱ्याची मुळे आणि मधे पोकळ्या होत्या. डिसेंबर महिना असूनही खड्ड्याच्या तळाची माती मुठीत दाबली की तिचा गोळा होत होता. वाडीतील अनेकांनी शेजारच्या फणसाच्या मुळांना दोष दिला होता आणि तो तोडण्याची तयारीही झाली होती. खड्ड्यात फणसाचे एकही जाड मूळ सापडले नाही आणि झाड वाचले.

प्रश्न असा होता की भराव २००४ पासून तिथेच आहे, बांधकाम २०१२ पासून आहे, मग खचणे २०१९ नंतरच का दिसावे? उत्तर शोधण्यासाठी घराभोवती येणाऱ्या प्रत्येक पाण्याचा माग काढावा लागला, आणि तो काढताना एकामागून एक चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट शेडची. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने १०० मिलिमीटरच्या एका दिवसात १४० चौरस मीटरच्या शेडवरून चौदा हजार लिटर पाणी उतरते. आषाढ-श्रावणात असे दिवस लागोपाठ येतात. शेड नव्हती तेव्हा हे पाणी स्लॅबच्या चार बाजूंच्या लहान नळ्यांतून विखरून पडत असे. शेड झाल्यावर ते सगळे दक्षिणेच्या एकाच पन्हळीत येऊन दोन कोपऱ्यांतील दोन पाइपांनी थेट जमिनीवर, खांबांपासून हातभर अंतरावर पडू लागले. गुरुजींना हे पटायला वेळ लागला. ‘साहेब, पाणी घरात येत नाही म्हटल्यावर घराला त्याचा त्रास कसला?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि पत्र्याची शेड घातलेल्या बहुतेक घरमालकांच्या मनात तोच असतो.

दुसरे पाणी डोंगराचे. घराच्या वरच्या अंगाला भावकीतील एकाने २०१८ मध्ये काजूच्या लागवडीसाठी जेसीबीने सपाटी केली होती, आणि त्या मातीखाली वरचे पाणी बाजूच्या पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) वळवणारा जुना चर बुजून गेला होता. तेव्हापासून ते पाणी घराच्या मागच्या भिंतीशी थांबून कातळाच्या अंगाने जोत्याखालून पुढे भरावात झिरपत होते. जुन्या घरातील ओल आणि लोण्याचे मूळ इथेच होते.

तिसरे पाणी बारमाही होते. न्हाणीघराच्या सांडपाण्याचा शोषखड्डा नैऋत्य खांबापासून जेमतेम दोन मीटरवर, त्याच भरावात खणलेला होता.

चौथी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. अंगण धरून ठेवणारा दक्षिणेचा गडगा मुळात कोरडा रचलेला होता, म्हणजे चिऱ्यांच्या फटींतून भरावातील पाणी वाटेल तिथून बाहेर निघून जात असे. २०१६ मध्ये घराला रंग देताना गडगाही नीटनेटका दिसावा म्हणून त्याच्या चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने भरून घेतल्या गेल्या. आत पाणी येण्याचे मार्ग पुढच्या तीन वर्षांत वाढले आणि बाहेर पडण्याचा मार्ग त्याआधीच बंद झालेला होता. गडग्याच्या मध्यभागी सुमारे सहा फूट लांबीत आलेला पोटासारखा फुगवटा आणि तळच्या थरावरच्या शेवाळाची पट्टी हे त्याचे पुरावे होते. ते रोज दिसत होते, पण घराच्या भेगेशी त्यांचा संबंध कोणी जोडला नव्हता.

छज्ज्यांचे निदान त्या मानाने सोपे होते. छज्ज्याचे काँक्रीट छिन्नीने ताजे फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन फवारले असता सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही. काँक्रीटचा क्षारधर्म शाबूत असेल तिथे हे द्रावण गडद गुलाबी होते; रंगहीन राहिले की तिथे सळईला गंजापासून मिळणारे संरक्षण संपले आहे असे समजावे. सळईवरचे आवरण ठिकठिकाणी दहा-बारा मिलिमीटरच होते. जोराच्या पावसाला आणि आलटून-पालटून भिजण्या-सुकण्याला उघड्या असलेल्या काँक्रीटला आयएस ४५६ : २००० हे काँक्रीटचे भारतीय मानक ‘तीव्र’ वर्गात धरते आणि त्यासाठी किमान एम ३० (ताकदीची श्रेणी) दर्जाचे काँक्रीट व ४५ मिलिमीटर आवरण सांगते. तीन-चार इंच जाडीच्या छज्ज्यात एवढे आवरण गवंड्याला विनोदच वाटेल, हे मान्य आहे. तरीही दहा आणि पंचेचाळीस यांच्यात बरीच जागा आहे. त्यात छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवलेली नव्हती, त्यामुळे पागोळीचे पाणी कडेवरून खाली न पडता तळाच्या पृष्ठभागावरून आत भिंतीपर्यंत ओघळत होते. गंज लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, आणि दहा मिलिमीटरची खपली फेकून द्यायला त्याला फार जोर लावावा लागत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

जॅकेटिंगचा पर्याय पहिल्यांदा बाजूला ठेवला. त्याने खांबांची ताकद वाढली असती, परंतु खांबांना ताकदीची अडचण नव्हती. उलट जॅकेटचे जास्तीचे वजन त्याच ओल्या भरावावर पडले असते. इपॉक्सीबाबतही तेच. हलणारी भेग कडक पदार्थाने चिकटवली तर ती शेजारी नवीन जागा शोधते, आणि पुट्टीने दोनदा ते दाखवून दिलेले होते.

वाढीव भाग पाडून कातळावरून पुन्हा उभारावा असे मुलाचे मत होते. तांत्रिकदृष्ट्या ते सर्वांत निर्धोक होते, पण खर्च पहिल्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट झाला असता, आणि दहाच वर्षांपूर्वी आयुष्याची पुंजी घालून बांधलेले स्वयंपाकघर पाडायला गुरुजींच्या पत्नी तयार नव्हत्या. या दुसऱ्या कारणाला आम्ही पहिल्याइतकेच वजन दिले.

उरले दोन मार्ग. एक म्हणजे त्याच उन्हाळ्यात दक्षिणेच्या दोन्ही खांबांच्या पायथ्यांखाली कातळापर्यंत काँक्रीट घालून पाया खाली नेणे. दुसरा म्हणजे आधी चारही पाणी मार्गी लावणे, एक पूर्ण पावसाळा भेगांची मापे घेणे आणि मगच पायाला हात लावायचा की नाही हे ठरवणे. पहिल्या मार्गात वर्ष वाचत होते. पण पाणी तसेच राहिले असते तर खांब कातळावर टेकूनही मधली फरशी, जोत्याच्या भिंती आणि गडगा खचत राहिले असते, आणि काम करताना ओल्या, पोकळ भरावात जुन्या पायथ्याखाली माणसे उतरवावी लागली असती.

निर्णय

दुसरा मार्ग स्वीकारला, मात्र एका अटीसह. पावसाळ्यात घर बंद ठेवायचे नाही, किंवा ठेवल्यास आठवड्याला एकदा कोणीतरी मापे घ्यायची. आणि वरच्या भेगेत एका महिन्यात एक मिलिमीटरहून जास्त वाढ झाली तर पोर्चच्या तुळईखाली लोखंडी टेकू लावून त्या भागाचा वापर थांबवायचा. टेकू मे महिन्यातच आणून पडवीत ठेवले होते. अशी मर्यादा आधी ठरवून ठेवल्याने पुढे जुलैमध्ये रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनला उत्तर देणे सोपे झाले.

छज्ज्यांचे काम पायाच्या निर्णयाशी बांधून ठेवले नाही, कारण त्यांचे कारण स्वतंत्र होते आणि खाली खपल्या पडण्याचा धोका रोजचा होता.

प्रत्यक्ष काम

सर्वांत जास्त वेळ चराला लागला, आणि तो खणण्यात नाही तर बोलण्यात गेला. जुना चर भावकीतल्याच्या जमिनीतून जात होता. सातबाऱ्यावर समाईक नावे होती, त्यांपैकी काही जण मुंबईत, एक सुरतेला. ‘चर मोकळा केलास तर काजूची चार कलमे जातात’ हा वरच्या मालकाचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. डिसेंबर ते मार्च बैठका होऊनही एकमत झाले नाही. मार्चअखेर असे ठरवले की मे संपण्याआधी पाणी वळलेच पाहिजे, तेव्हा चर घराच्या मागून गुरुजींच्या स्वतःच्या हद्दीतूनच न्यायचा. त्यामुळे लांबी चाळीस मीटर झाली, काही ठिकाणी ब्रेकरने कातळ फोडावा लागला आणि खर्च मूळ चराच्या दुपटीहून जास्त आला. चराचा तळ मागच्या जोत्याच्या पातळीपेक्षा दीड फूट खाली ठेवला, बाजू जांभ्याने बांधल्या आणि शेवट पऱ्ह्यात सोडला.

शेडच्या दोन्ही पाइपांचे पाणी बंद पाइपांतून गडग्याच्या पलीकडे नेले. पन्हळीच्या तोंडाशी पानांसाठी जाळी बसवली आणि पाइपांना वळणाच्या जागी साफ करायला झाकणे ठेवली, कारण फणस आणि आंब्याखालची पन्हळ एका वादळी रात्रीत भरते. शोषखड्डा बुजवून नवीन खड्डा गडग्याच्या खाली, उतारावर घेतला. गडग्याच्या फुगलेल्या भागातील चिरे उतरवून, मागे खडीचा थर देऊन ते पुन्हा कोरडे रचले. उरलेल्या लांबीत फटींतले सिमेंट सर्वत्र खरवडणे शक्य नव्हते, तिथे तळाजवळ दर दीड मीटरवर तीन इंची पाइपाचे तुकडे बसवून पाण्याला वाट दिली. घराभोवती तीन फूट रुंदीचा कोबा नव्याने केला आणि त्याला बाहेरच्या बाजूस फुटाला अर्धा इंच उतार दिला. जुना कोबा खचून आत, घराकडेच उतरत होता.

छज्ज्यांचे काम २०२२ च्या फेब्रुवारीत झाले. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागे वीस मिलिमीटरपर्यंत फोडले, सळया तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, ज्या फार बारीक झाल्या होत्या त्यांना जोड सळया बांधल्या, जस्तयुक्त प्रायमर दिला आणि पॉलिमरमिश्रित मॉर्टर पातळ थरांत भरले. खालच्या कडेला खाच घेतली. गवंड्याला सर्वांत नकोसे वाटणारे काम म्हणजे हे मॉर्टर ओले ठेवणे. ज्या प्रदेशात पावसाळ्यात पाणी घरे ढकलते तिथे फेब्रुवारीनंतर विहिरींचा तळ दिसतो आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर येतो. कोकणातल्या बहुतेक काँक्रीटची क्युरिंग या विरोधाभासातच कापली जाते, आणि जे काँक्रीट पुढे चार महिने भिजणार असते ते जन्मतःच तहानलेले राहते. इथे गोणपाट गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून दिवसातून दोनदा शिंपडण्याने भागवले आणि त्यासाठी लागणारे पाणी फेब्रुवारीतच मिळते म्हणून ते काम मेपर्यंत ढकलू दिले नाही.

भेगेच्या दोन्ही अंगांना तीन ठिकाणी पितळी स्क्रूच्या जोड्या बसवून त्यांच्यातील अंतर व्हर्नियरने (सूक्ष्म मापे घेण्याच्या उपकरणाने) मोजायचे ठरले. गुरुजींनी ती मापे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत लिहिली; त्या पावसाळ्यात ते दोघे गावीच राहिले. डिसेंबर ते मे या कोरड्या काळात अंतर ०.२ मिलिमीटरच्या आत मागेपुढे होत होते. हा ऊन-थंडीचा फरक होता आणि तो आधी माहीत असणे आवश्यक होते, अन्यथा जूनमधली पहिली किरकोळ हालचालही खचण्याच्या खाती जमा झाली असती.

परिणाम

२०२२ च्या पावसाळ्यात आग्नेय खांबाकडील तडा ०.१ मिलिमीटरने हलला, म्हणजे व्यवहारात हललाच नाही. जुन्या घरातील ओल गणपतीपर्यंत फुटभर खाली आली. नैऋत्य बाजूची भेग मात्र चार महिन्यांत ०.६ मिलिमीटर वाढली. आधीच्या वर्षी सुमारे दोन मिलिमीटर वाढ झाली होती, त्या मानाने ती एक-तृतीयांशावर आली होती, तरीही थांबलेली नव्हती. शोषखड्ड्याच्या बाजूचा भराव वर्षानुवर्षे भिजून आतून पोकळ झालेला होता आणि पाणी बंद झाल्याने त्या पोकळ्या भरून येणार नव्हत्या.

म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत एकट्या नैऋत्य खांबाचा पाया खाली नेला. तुळया लोखंडी टेकूंवर घेऊन १.२ मीटर चौरस पायथ्याखालील जागा चार भागांत, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने, एका वेळी एकच भाग अशी कातळापर्यंत मोकळी केली. प्रत्येक भागात काँक्रीट ओतून वर दोन-तीन इंचांची फट ठेवली आणि काँक्रीट बसल्यानंतर ती फट कोरड्या, घट्ट मॉर्टरने ठोकून भरली. ही फट ओतताना एकदमच भरून टाकायचा मिस्त्रींचा आग्रह होता. ताजे काँक्रीट आकसते, आणि तेवढ्या आकसण्याने जुना पायथा पुन्हा अधांतरी राहतो, हे त्यांना एका भागावर दाखवल्यावर उरलेले तीन भाग त्यांनी आपणहून तसे केले. त्याच वेळी स्वयंपाकघरातील पोकळ वाजणाऱ्या लाद्या काढून खाली मुरूम सहा इंचांच्या थरांत पाणी मारून चोपला.

२०२३ च्या पावसाळ्यात तिन्ही ठिकाणची मापे ०.२ मिलिमीटरच्या आत राहिली. त्यानंतर, २०२४ च्या जानेवारीत भेगा भरल्या. जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यात कडक भरण न करता लवचिक सीलंट आणि वरून पट्टी दिली, कारण कातळावरच्या चिऱ्याच्या भिंती आणि खांबांवरचा नवा भाग यांची थोडीफार वेगवेगळी हालचाल होतच राहणार.

एकूण खर्च कंत्राटदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकापेक्षा थोडा कमी झाला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम चर, पाइप, शोषखड्डा आणि गडगा यांवर गेली, म्हणजे घरात पाऊल टाकल्यावर नजरेस न पडणाऱ्या कामांवर. पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही झाले नाही अशी गुरुजींच्या मुलाची अर्धवट थट्टेतली तक्रार होती.

वेगळे काय करता आले असते

२०१२ मध्ये वाढीव बांधकामापूर्वी एक खड्डा घेऊन कातळ किती खाली आहे हे पाहिले असते, तर पायथे अडीच फुटांऐवजी सुमारे सात फुटांवर न्यावे लागले असते. तो खर्च त्या वेळी जड वाटला असता, पण फक्त बाहेरच्या दोन खांबांपुरता होता. जुन्या आणि नव्या भागात मुद्दाम सांधा ठेवला असता तर भेग तिथेच सरळ, आटोपशीर पडली असती आणि खिडकीच्या कोपऱ्यात शिरली नसती.

शेडच्या वेळी फॅब्रिकेटरने पत्रा, सांगाडा आणि पन्हळ एवढेच काम घेतले होते. पाइपाच्या तोंडातून जमिनीवर पडल्यावर पाण्याचे काय, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. आता या भागात शेडचे काम निघाले की आम्ही मालकांना तेवढा एक प्रश्न फॅब्रिकेटरला विचारायला सांगतो.

२०२२ चे वर्ष वाट पाहण्यात घालवले यावर दोन मते होऊ शकतात. शोषखड्डा दोन मीटरवर असल्याचे आणि भरावात पोकळ्या असल्याचे चाचणी खड्ड्यातच दिसले होते, त्यामुळे निदान नैऋत्य खांबाचा पाया त्याच उन्हाळ्यात खाली नेता आला असता असे म्हणायला आधार आहे. दुसऱ्या बाजूने, तसे केले असते तर आग्नेय खांबही त्याच घाईत खणला गेला असता, आणि त्याला त्याची गरज नव्हती हे एका पावसाळ्याच्या मापांनीच दाखवले. मालक पावसात घरी राहून मोजमाप करणारे नसते, तर आम्हीही बहुधा पहिलाच मार्ग सुचवला असता.

चराच्या बोलणीत चार महिने गेले, ते मात्र टाळता आले असते. स्वतःच्या हद्दीतून जाणाऱ्या मार्गाचे माप आणि खर्च पहिल्या बैठकीआधीच हाती असते, तर भावकीशी चर्चा करायची की नाही, आणि किती काळ, हे आधी ठरले असते.

एक काम अजून उरले आहे. पश्चिमेचा एक छज्जा २०२२ मध्ये फक्त सुटलेल्या भागापुरता दुरुस्त केला होता; तिथे नव्या-जुन्या काँक्रीटच्या सीमेवर, जुन्या बाजूला, २०२४ च्या पावसाळ्यानंतर गंजाचा तपकिरी ओघळ दिसू लागला आहे. दुरुस्त केलेल्या सळईच्या शेजारची न फोडलेली सळई अनेकदा आधीपेक्षा वेगाने गंजते, हा अशा तुकड्या-तुकड्याच्या दुरुस्तीचा ज्ञात दोष आहे. तो छज्जा आता पूर्ण लांबीत फोडून करायचा आहे, आणि त्यासाठी विहिरीत पाणी असतानाची तारीख धरली आहे.